वाल लखनौला निघाले

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते खडवलीच्या सुमनमामीमुळे झालं. विमानतळावर जे झालं तेही तिच्यामुळेच, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. ते खरं नाही. ते माझ्यामुळे झालं.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर खडवलीला मामाकडे राहणं भाग होतं. मामीने मला ठेवून घेतलं ते थेट पदवी हातात पडेपर्यंत. पहाटे ती वाल सोलत बसायची आणि मी समोर बसून मोठ्याने धडे वाचायचो. (आवाज थांबला की एक वाल नेमका कपाळावर येऊन लागायचा.) आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र! ते प्रमाणपत्र मामीने मागून घेतलं आणि देवघराशेजारी टांगलं. अजूनही तिथे उदबत्ती आधी देवांना आणि मग मला ओवाळली जाते.

मामीची मुलगी रेखा लग्न होऊन लखनौला गेलेली. तिला सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरलं, आणि एक दिवस फोनवर ती रडायलाच लागली.

"आई, साडी नको, बांगड्या नकोत. मला वालाचं बिरडं पाहिजे. तुझ्या हातचं. इथे कडवे वाल कोणाला माहीतच नाहीत गं!"

"आणते," मामी म्हणाली. एवढंच. पण मामीचं "आणते" म्हणजे काय, हे खडवलीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मामी, आपण विमानाने जायचं. तिकीट मी काढतो."

मामा म्हणाले, "तुम्ही जा. मी कोंबड्या बघतो."

तिकीट अर्थातच सर्वांत स्वस्त विमानाचं. आता स्वस्त विमानात काय काय होतं, याचा मी सखोल अभ्यास केला. कंपनीचे सगळे नियम वाचले, अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतात तेसुद्धा. (ते वाचणारा बहुधा मी पहिलाच.) पाणी विकत. खिडकी विकत. शेजारी शेजारी बसायचं असेल तर तेही विकत. आणि आम्ही काढलेल्या तिकिटात मोठी बॅग नाहीच. माणशी एक हातातली, सात किलोची. त्याहून जास्त भरली तर दंड असा, की तेवढ्यात ती बॅग स्वतंत्र तिकीट काढून खिडकीत बसून गेली असती.

"सात म्हणजे सात!" मी मामीला बजावलं. मी आता कोपरला राहतो; तिथल्या आमच्या रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून घेतला आणि दोन दिवस आधी खडवलीला जाऊन मामीची बॅग स्वतः भरली. साडी, हिरव्या बांगड्या, ओटीचं सामान, डिंकाचे लाडू आणि दीड किलो वाल. काट्यावर टांगली. बरोब्बर सात! मी तो काटा मामाला दाखवला, शेजारच्यांना दाखवला, आणि विजयी मुद्रेने कोपरला परत आलो.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही विमानतळावर पोचलो. मामी वर बघत म्हणाली, "केवढं स्टँड आहे रे! आपली कुठून सुटते ते विचार कोणाला तरी."

लोक मोबाइल दाखवून सरळ आत जात होते. आमच्याकडेही पास होते, आमची बॅग कोणी विचारलीसुद्धा नव्हती. पण मी पडलो इमानदार. मी स्वतःहून काउंटरवर गेलो आणि म्हणालो, "मॅडम, आमच्या बॅगा मोजून घ्या."

माझी सात भरली. मामीची भरली पावणेनऊ.

"मॅडम, तुमचा काटा बिघडलाय," मी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः मोजलीये!" आणि पुरावा म्हणून खिशातून ताणकाटा काढून सर्वांसमक्ष बॅग त्याला अडकवली. काटा सरसर खाली गेला आणि पावणेनऊवर थांबला.

"मामी, बॅगेत काय घातलंस?"

"काय घालणार? तूच तर भरलीस."

"मग वाढली कशी?"

"वाल तेवढे भिजवले. काल फडक्यात बांधून ठेवलेले, मस्त मोड आलेत. उद्या जेवण, मग कोरडे नेऊन काय त्यांच्यासमोर ओवाळायचे?"

कॉलेजात पहिल्या वर्षी आमचा एक प्रयोग होता: कडधान्य कोरडं असताना तोला, रात्रभर भिजवा, पुन्हा तोला, वाढलेलं वजन वहीत लिहा. त्या प्रयोगात मला पैकीच्या पैकी गुण होते.

काउंटरवरच्या मुलीने दंडाचा आकडा सांगितला. मामीने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "कुठची गं तू?"

"आंबिवलीची, काकू."

"अगंबाई, म्हणजे आमच्या शेजारचीच की! मी खडवलीची."

"काकू, आंबिवलीलासुद्धा किलो एवढाच असतो," ती हसत म्हणाली.

"मी भरतो दंड," मी म्हणालो.

"खबरदार! पाण्याचं भाडं भरायला शिकवलं का तुला? आणि वाल इथे टाकायचं तर बोलूच नकोस. माझ्या पोरीने एक गोष्ट मागितलीये." मग मामी त्या मुलीकडे वळली. "काय गं, अंगावरचं पण मोजता का?"

"नाही, काकू."

"झालं तर मग. दिनू, इकडे ये."

माझ्या अंगात नवीन जॅकेट होतं, चार खिशांचं. मामीने फडकं सोडलं आणि ओंजळी भरभरून ओले वाल माझ्या खिशांत ओतायला सुरुवात केली. खालचे दोन, वरचे दोन. बॅग सातवर आली. त्या मुलीने पट्टी लावली आणि तोंड फिरवून खांदे हलवत बसली. जॅकेट हळूहळू पाझरू लागलं. पाणी पँटवर अशा जागी उतरलं, की समोरून येणारे लोक मला सहानुभूतीने वाट करून देऊ लागले.

पुढे सुरक्षा तपासणी. तिथे जॅकेट काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं, हे नियमांत होतं. मी ते वाचलंही होतं!

पडद्यासमोरचा जवान बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिशात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "ये क्या है?"

"वाल, सर. अंकुरित. बीन्स."

"जेब में क्यों?"

"सर, वो भिगोने से वजन बढता है ना..."

मामी पुढे झाली. "साहेब, लडकी को सातवा महिना है. उसको बिरडं खाने का मन है. लखनौ में मिलता नहीं."

जवानाचा चेहरा निवळला. "जाइए, माताजी." मग माझ्या पँटकडे पाहून म्हणाला, "आप रुकिए."

माझी अशी कसून तपासणी झाली, की तशी परीक्षेच्या हॉलमध्येही झाली नव्हती.

आत पोचलो तर विमानाला उशीर. थोड्या वेळाने आणखी उशीर. मामी दर घोषणेनंतर माझ्या खिशात हात घालून बघायची. "दिनू, मोड वाढतायत रे! गरम झालेत नुसते. हे सोलायचे कधी? रात्री पोचून एवढे मी एकटी सोलू?" आणि मग उठलीच. "गरम पाणी आण. इथेच सोलते."

"मामी, हे विमानतळ आहे!"

"मग? बसलेच आहोत ना?"

पिण्याच्या नळाला गरम पाणीही येत होतं. मी लाडवांचा डबा रिकामा करून त्यात पाणी आणलं. मामीने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि सोलायला बसली. समोरच्या लखनौच्या बाईंनी विचारलं, "ये कौन सी दाल है, दीदी?" दोन मिनिटांत त्याही सोलत होत्या. मग एक टायवाले गृहस्थ आले. फोनवर कोणाला तरी मीटिंगबद्दल झापत झापत त्यांनी मूठभर वाल उचलले.

"ऐसा नहीं भाऊ, तुटता है! हलके दाबने का," मामीने त्यांना झापलं.

"सॉरी, आंटी," म्हणून ते नीट दाबू लागले.

विमानाची घोषणा झाली तेव्हा सगळे वाल सोलून डब्यात होते आणि डबा बॅगेत. सालं गेली, पाणी निथळलं. मी दारावरच्या माणसाला अभिमानाने म्हणालो, "आता मोजा!"

"सर, प्लीज आत चला."

"नाही, पण एकदा मोजा तरी..."

मामीने असा चिमटा काढला की मी थेट विमानात पोचलो. तिची जागा पुढे, माझी शेवटच्या ओळीत. (शेजारी बसणं विकत होतं ना!) मध्येच तिने माझ्यासाठी हातोहात लाडू पाठवले. निघाले तेव्हा दोन होते, असं तिचं म्हणणं. मला अर्धा मिळाला.

दुसऱ्या दिवशी रेखा हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत बसली. ताटात दहा पदार्थ होते. तिने एकालाही हात लावला नाही. बिरडं तेवढं वाटीवर वाटी खात राहिली आणि खाता खाता डोळे पुसत राहिली. सासरच्या बायका कौतुकाने बघत होत्या. मामी सर्वांना सांगत होती, "हमारा दिनू लाया. पूरा अंग पे पहन के!" आणि सगळ्या बायका माझ्याकडे, नीट सांगायचं तर माझ्या पँटकडे, बघत होत्या.

परत आल्यावर मी जॅकेट कपाटात टाकलं आणि विसरलो. मग मामीला हे पत्र लिहावं लागलं. (फोनवर ती "जेवलास का?" एवढंच विचारते. पत्र मात्र दोनदा वाचते.)

ती. सुमनमामीस,

सा. न.

काल कपाटाला वास यायला लागला म्हणून जॅकेट बाहेर काढलं. एका खिशाला आतून भोक होतं. त्यातून काही वाल अस्तरात गेलेले. बरेचसे कुजले, पण तीन उगवलेत! मुळं अस्तरातल्या कापसात अशी गुंतलीयत की सुटेनात. टाकून द्यायचं मनात आलं, पण तुझे वाल टाकायची हिंमत झाली नाही. म्हणून जॅकेटच कुंडीत पुरलंय. बाहेर फक्त कॉलर दिसते. तिला रोज पाणी घालतो.

आठवीत तुझ्या दारात आलो तेव्हा माझ्या हातात एक पिशवी होती आणि पोटात मोठी भूक होती. तू दोन्हीचं वजन केलं नव्हतंस. प्रवासाआधी तुझीच बॅग काट्यावर टांगली, याची फार लाज वाटते. काटा रद्दीवाल्याला परत दिलाय.

रेखाच्या बाळाच्या बारशाला पुन्हा विमानानेच जाऊ. शेंगा धरल्या तर हेच वाल नेऊ. भिजवल्यावर त्यांचं वजन वाढतं, हे मी आता प्रत्यक्ष पाहिलं आहे.

एक विनंती. देवघराशेजारचं ते प्रमाणपत्र थोडे दिवस उतरवून ठेव. निदान उदबत्ती तरी थांबव.

तुझा,
दिनू
बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र)