एका डायोडचा फरक

अक्कांची आणि माझी ओळख झाली ती एका चिठ्ठीमुळे, आणि ती चिठ्ठी मला लिहिलेली नव्हती. जळगावात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी धुळ्याहून एस.टी.च्या पार्सलनं एक जुना रिसीव्हर दुरुस्तीला आला. झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला डिंकानं एक कागद चिकटवलेला. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'चुका. एक : तार उलटी जोडली, चूक माझी. दोन : घाईत हात लावला, चूक माझी.' खाली सही, कमल बाविस्कर.

माझा सगळा जन्म "आम्ही काही केलं नाही, आपोआप बंद पडला" हे ऐकण्यात गेलेला. आपली चूक लिहून पाठवणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो. रिसीव्हर द्यायला मी स्वतः धुळ्याला गेलो. धुळ्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या आणि हौशी रेडिओचा परवाना बाळगून असलेल्या प्रा. कमलताई बाविस्कर, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, मला तिथे पहिल्यांदा भेटल्या. त्यांनी सेट उघडून माझं काम नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, सोल्डरचे डाग छान दिलेत. पण हा एक कच्चा आहे." तो खरोखरच कच्चा होता. अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वान मंडळी पुष्कळ लिहितील. मी त्या कच्च्या डागाच्या अधिकारानं लिहितो आहे.

ही चुकांची चिठ्ठी म्हणजे अक्कांची कामाची रीतच होती. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उपकरणात ती सापडायची. एका विद्यार्थिनीच्या हातून नाजूक मीटर जळाला आणि ती कोपऱ्यात रडत बसली. अक्कांनी तिला पेन्सिल दिली आणि चिठ्ठीत ओळ वाढवायला सांगितली. तिची ओळ सातवी होती. वरच्या सहांपैकी चार अक्कांच्या होत्या. त्या वाचून मुलीचं रडणं थांबलं, असं तिनंच मला पुढे सांगितलं.

आता उपग्रहाविषयी. खानदेशात उपग्रह केला, असं म्हटलं की लोक अजूनही माझ्याकडे पाहून हसतात, म्हणून सरळच सांगतो. दक्षिणेतले काही हौशी रेडिओवाले मिळून एक लहान उपग्रह बांधत होते. त्यात एका डबीपुरती जागा उरली होती. डबी जेवणाच्या डब्याच्या एका पुडाएवढी हवी, वीज अगदी थोडी खायला हवी, आणि तिसरी अट अशी, की ही डबी वर जाऊन काय करणार ते एका वाक्यात कळवायचं. ज्याचं वाक्य पटेल त्याला जागा. अक्कांनी मला आणि दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारे आमचे स्नेही, यंत्रांच्या मापनाचं काम करणारे चौधरी साहेब यांना बोलावून घेतलं.

डबी आम्ही करू शकू याबद्दल शंका नव्हती. अडलं ते वाक्यापाशी. चौधरी साहेबांना वरून तापीचा फोटो हवा होता, पण कॅमेऱ्याचं वजनच डबीपेक्षा जास्त भरत होतं. मला एखादी छानशी धून वाजवायची होती. शिरपूरच्या ज्या सद्गृहस्थांनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दिला, त्यांची सूचना होती की डबीनं दर फेरीला त्यांच्या वडिलांचं नाव घ्यावं. अक्का त्यांना अतिशय आदरानं म्हणाल्या, "नाव फार मोठं आहे, वीज पुरणार नाही." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आपण तिघं तीन महिने एकमेकांनाच विचारतोय. दुसऱ्या कुणाला तरी विचारू."

अक्कांचं माहेर साक्रीच्या बाजूचं. त्या मला साक्रीच्या आठवडी बाजारात घेऊन गेल्या आणि लसूण विकणाऱ्या जिजाबाईंशेजारी सरळ पोत्यावर बसल्या. धुळ्यात इतकं घोटीव बोलणाऱ्या अक्का तिथे वेगळ्याच भाषेत बोलू लागल्या.

"माय, आम्ही एक डबी आभायमा धाडी ऱ्हायनूत. तिनी तठे जाईसन काय कराले जोयजे?"

जिजाबाईंनी लसणाची जुडी खाली ठेवली. "पन ती तठे शे का नही, हाई आपले कसं कयी?"

मग जिजाबाई पुढे म्हणाल्या, "मन्हा आंडोर सुरतले शे. सहा महिना व्हयनात, कागद नही. दुसरं काही नको. 'शे' इतलं जरी कयनं तरी बठ्ठं भेटनं."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे', 'आंडोर' म्हणजे मुलगा, 'कयनं' म्हणजे कळलं आणि 'बठ्ठं' म्हणजे सगळं. परतीच्या एस.टी.तून धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर अक्कांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि तिकिटाच्या मागे वाक्य लिहिलं : 'आमची डबी वर जाऊन आपण आहोत एवढंच सांगेल, आणि तिथे ऊन आहे की थंडी हे तिच्या बोलण्याच्या गतीवरून कळेल.' ऊन वाढलं की शब्द भरभर यायचा, थंडीत सावकाश. शब्द अर्थात 'शे'. रोमन अक्षरांत तो मोर्समध्ये घातला, की एस म्हणजे तीन टिंबं, एच म्हणजे चार, ई म्हणजे एक. रेघ कुठेच नाही. मोर्स न शिकलेल्या माणसालाही बोटांवर मोजता येईल : तीन, चार, एक. जागा आम्हाला मिळाली.

पुढची दीड वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची गेली, हे माझी पत्नीही मान्य करते, जरा रागानं. उन्हाची चाचणी घ्यायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही. जळगावचा मे महिना आणि माझ्या दुकानाचा पत्रा पुरेसा होता. थंडीची चाचणी बर्फाच्या कारखान्यात घेतली. बाहेर अंगाची लाही होत असताना अक्का आत शाल पांघरून पोत्यांवर बसल्या होत्या. बर्फाच्या लाद्या ओढणारे कामगार हात थांबवून त्यांच्याबरोबर मोजत होते. तीन, मग बराच वेळ, मग चार, मग पुन्हा बराच वेळ, मग एक. अक्का त्यांना म्हणाल्या, "थंडी आहे, म्हणून सावकाश बोलतेय. पण बोलतेय."

आता मला जे लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर मी या लेखाला होकार दिला. शब्द डबीत बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी डायोडची एक जाळी असते. जिथे डायोड लावाल तिथे आवाज, जिथे नाही तिथे शांतता. उघडी डबी माझ्याकडे होती आणि मला 'शे' या शब्दाची लाज वाटत होती. रेडिओ दुरुस्तीच्या कोर्ससाठी पुण्याला वसतिगृहात राहिलो होतो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी "पाणी शे का?" असं विचारलं. पुढे दोन वर्षं माझं नावच 'शे' पडलं. आता तोच शब्द आकाशातून साऱ्या जगाला ऐकवायचा होता. आणि गंमत अशी, की 'आहे' आणि 'शे' यांत फरक एका डायोडचा. 'शे'मधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टिंबाच्या मधल्या मोकळ्या जागेत एक डायोड टाकला, की ती दोन टिंबं चिकटून त्यांची रेघ होते, एसचा ए होतो आणि डबी शुद्ध मराठीत 'आहे' म्हणू लागते. डबी पाठवायच्या आदल्या आठवड्यात मी तो डायोड टाकला. कुणालाही सांगितलं नाही.

धुळ्याच्या प्रयोगशाळेत शेवटची चाचणी होती. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"भाऊ, ही 'आहे' म्हणतेय."

"हो. एकाच डायोडचा फरक आहे, अक्का. वीज तर नगण्यच जास्त लागते."

"विजेचं नाही म्हणत मी. तुमच्या आईंना मोर्स येतं?"

"नाही."

"तीन, चार, एक मोजता येईल?"

माझी आई रोज जात्यावर बसल्यासारखी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून गल्लीशी खानदेशीत बोलायची. पुण्याचे मित्र आले की मी तिला आत बसायला सांगायचो. हे अक्कांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र तेव्हा मान वर करता येईना. अक्का हळूच म्हणाल्या, "आपण जिजाबाईंना विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. मग ते उत्तर आपण बदललं. असं नको करायला." एवढंच. आवाज चढला नाही, की चौधरी साहेबांसमोर विषय वाढला नाही. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि तो डायोड काढला. त्या दुरुस्तीत आणि पुन्हा चाचण्यांत तीन आठवडे गेले.

उपग्रहाच्या आत कागद चालत नाही, म्हणून अक्कांनी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलं, 'शब्द आधी चुकला. चूक : आमची.' मी म्हणालो, "अक्का, माझी लिहा." त्या म्हणाल्या, "डबी आपली ना? मग चूकही आपली."

डबी दक्षिणेत पोहोचली, पण वर गेली नाही. तिकडून पत्र आलं की उपग्रहाचं वजन मर्यादेबाहेर गेलं, दोन डब्या काढाव्या लागल्या, त्यांतली एक तुमची, फार वाईट वाटतं. पाठोपाठ डबीही परत आली. अक्कांनी पत्र दोनदा वाचलं आणि चहा टाकला. माझ्या मनात एकच किडा वळवळत होता. मी विचारलं, "ते तीन आठवडे वाया गेले नसते तर?" त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "वाचा. वजन लिहिलंय. उशीर कुठे लिहिलाय?" तरीही त्या दिवशी अक्कांनी चहात साखर घातली नव्हती आणि आम्ही तिघंही तो तसाच प्यायलो.

महिन्याभरानं त्यांनी ती डबी साक्रीला नेली. जिजाबाईंच्या गावच्या शाळेच्या छपरावर सूर्यप्रकाशावर चालेल अशी बसवली. साध्या ट्रान्झिस्टरला जोडायची एक पेटी मी केली होती, ती घेऊन आम्ही बाजारात बसलो. जिजाबाईंनी कान लावला, बोटांवर मोजलं.

"वर नही गयी?"

"नही, माय," अक्का म्हणाल्या.

"पन शे ना?"

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पाहिलं. लगेच त्यांनी पिशवीतून पोस्टकार्डं काढली. त्यांवर जिजाबाईंचा पत्ता आधीच लिहून आणला होता. मुलाचा सुरतचा पत्ता विचारून घेतला आणि ती कोरी कार्डं पाकिटात घालून त्याला पाठवली. सोबत दोन ओळी : 'काही लिहू नका. फक्त शे लिहा आणि टपालपेटीत टाका.' दोन आठवड्यांनी एक कार्ड आलं. त्यावर एकच अक्षर होतं. जिजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांना ते वाचून दाखवावं लागलं नाही.

तेव्हापासून एक प्रथा पडली. रोज सकाळी सात वाजता अक्का धुळ्याहून मोर्सची कळ दाबतात. तीन, चार, एक. मी जळगावहून तेच उत्तर देतो. बोलायचं काहीच नसतं. सणवार, पाऊसपाणी, माझ्या आईचं जाणं, सगळ्या दिवशी तेवढंच.

गेल्या वर्षी एका सकाळी सात वाजले आणि काही आलं नाही. अक्कांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्यांना नाशिकला हलवलं होतं. डॉक्टर कुणाला भेटू देत नव्हते. पुढचे कितीतरी दिवस मी सात वाजता सेट लावून बसत होतो. त्या नाशिकला आहेत, कळ धुळ्याला आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बसत होतो. जिजाबाई सहा महिने काय करत असतील, ते मला तेव्हा समजलं.

अक्का घरी आल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. एका सकाळी सात वाजून गेले आणि सेटमध्ये खरखर झाली. एक टिंब. मग लांब रेघ. मग चार टिंबं, अगदी सावकाश, बर्फाच्या कारखान्यातल्यासारखी. मग एक. मी चोरून डबीत घातलेला तोच शुद्ध शब्द : 'आहे'. मी पहिल्यांदाच कळेवर डोकं टेकून रडलो. मग सावरून उत्तर पाठवलं. तीन, चार, एक.

तीन दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर वाकडं, पण मजकूर ओळखीचा : 'चुका. एक : हात थरथरला, दोन टिंबं चिकटली, चूक माझी.'

अक्का, त्या दिवशी काढलेला डायोड मी काड्यापेटीत जपून ठेवला आहे. तो तुम्हाला मी परत करणार नाही. साठीनिमित्त तुम्हाला शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं मिळेल, आणि ते मिळायलाच हवं. मी एवढंच मागतो, की तुमच्या चुकांच्या चिठ्ठीला अजून पुष्कळ ओळींची जागा राहो. ऐंशीव्या वर्षी टिंबं चिकटोत, नव्वदाव्या वर्षी सगळा शब्दच चुको, शंभराव्या वर्षी तर मला काहीच अर्थ न लागो. सकाळी सातला मी सेट लावून बसलेला असेन. तुम्ही कळ दाबा, अक्का. शुद्ध-अशुद्धाचं मी बघून घेईन.