बिनलेबलची बरणी

लवंग, मध, तूप आणि त्या सगळ्यांच्या खाली दडलेलं काहीतरी कडवट. सौदीतल्या अल खफजीच्या घरात मी बॅग उघडली तेव्हा खिडकीतून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर मात करून तोच वास खोलीभर पसरला. तो माजूनचा होता. आमच्या रत्नागिरीकडच्या गावातल्या हकीमाकडून अम्मीनं ते ताकदीचं औषध भाईसाठी कुटून, मधात मुरवून घेतलं होतं. बरणीवर ना नाव, ना लेबल. तोंडाला फक्त पांढरं फडकं. माझ्या कपड्यांच्या घडीत गुंडाळून ती मीच आणली.

अब्बा कित्येक वर्षं इथल्या तेलकंपनीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. भाई शाळेत असतानाच त्यांच्याकडे आला. अब्बांच्या फिलिपिनो फोरमननं शुक्रवारच्या सुट्टीत त्याच्या हातात बॅट दिली आणि बघता बघता आमच्या मच्छीमारांच्या घरातला हा मुलगा जेद्दाच्या एका व्यावसायिक बेसबॉल संघात गेला. अम्मीला अजूनही ते बिनस्टंपचं क्रिकेटच वाटतं.

अम्मी आणि मी व्हिजिट व्हिसावर आलो, तेव्हा भाई तीन दिवसांसाठी घरी आला होता. दारात उभा राहिला तर दार भरून गेलं! वर्षभरापूर्वी त्यानं मारलेले चेंडू मैदानातच झेलले जात, असं अब्बा सांगायचे; या हंगामात ते कुंपणापलीकडे जाऊ लागले होते. माणूस वाढला की आपल्याला आनंद का होत नाही, शंका का येते? आमच्या शेजारचे रायगडचे चाचा चहा पिता पिता म्हणाले, "मच्छी खाऊन असे खांदे झाले असते, तर आमचा अख्खा मोहल्ला पैलवान झाला असता." सगळे हसले. भाईही हसला. मी हसले, पण माझं हसू थोडं उशिरा आलं.

कारण मीही तेच मनात म्हटलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली; फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या शिक्षणाचं नेमकं काय करायचं हे अजून घरात कोणाला ठाऊक नाही, खरं तर मलाही नाही. पण स्टिरॉइडनं स्नायू कसे वाढतात हे मी वाचलं होतं. त्याला विचारावं, असं तीन दिवस वाटत राहिलं. ज्यानं मला सायकल शिकवली, त्याला हे कोणत्या तोंडानं विचारायचं? भाई परत गेला, अम्मीनं बरणी त्याच्या पिशवीत ठेवली, अब्बा त्याला बसवर सोडून आले.

मग एका दुपारी सोबत आणलेली कॉलेजची वही चाळताना माझ्याच अक्षरातलं एक वाक्य समोर आलं. लेबल नसलेल्या ताकदीच्या औषधांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. मॅडमनी सांगितलं तेव्हा परीक्षेसाठी मी त्याखाली रेघही ओढली होती. बरणी कपड्यांत गुंडाळताना ती रेघ कुठे गेली होती? अम्मी रोज फोनवर विचारायची, माजून घेतोस ना, आणि तिकडून येणारा होकार ऐकून मी वहीतलं ते पान पुन्हा उघडायचे. भाईला सांगू पाहत होते, तोच कळलं की सामन्यानंतर त्याचा लघवीचा नमुना तपासणीसाठी घेतला आहे. आता सांगून काय होणार होतं? नमुन्यात ते सापडलं, तर बंदी येणार होती आणि चाचांची थट्टा आयुष्यभराचा शिक्का होणार होती.

दीड आठवड्यानं, अब्बा कामावर असताना, अम्मीच्या फोनवर भाईचा संदेश आला. एकच शब्द. 'खलास.'

अम्मी खालीच बसली. भाईला फोन लावला, तो सरावात होता, उचलला नाही. अब्बा फोन ठेवताना, काम आटोपताना दिवसातून दहा वेळा हा शब्द म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण शब्दाचा अर्थ लागतो तो आपण ज्या भाषेत घाबरतो, त्या भाषेत. आमच्या भाषेत खलास म्हणजे संपलं, बुडालं. मी रडत रडत अम्मीला सगळं सांगून टाकलं, बरणीचं, वहीचं, रेघेचं. ती उठून तांदूळ धुऊ लागली आणि धुतलेलेच पुन्हा धुवत राहिली.

अब्बा आले, संदेश वाचला आणि आमच्या तोंडांकडे बघून हसू लागले.

"अगं, इकडं अरबीत खलास म्हणजे मिटलं. विषय संपला. पोरगा साफ निघाला."

अम्मीनं बरणीचं विचारलं तेव्हा मात्र ते गडबडले. मग कपाटातल्या गणवेशामागून त्यांनी ती काढली. तळ दिसत होता. लेबल नसलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, हा संघाचा नियम; म्हणून भाईनं ती बसस्टँडवरच अब्बांच्या हातात दिली होती. अम्मीचं मन मोडू नये म्हणून दोघांनी मिळून खोटं बोलायचं ठरवलं, आणि टाकवेना म्हणून अब्बा रोज दोन चमचे खात राहिले.

"म्हणूनच हल्ली जिना पळत चढता होय!" अम्मी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसली.

मी नाही हसले. दुसऱ्याच दिवशी अब्बांना हट्टानं दवाखान्यात नेलं. तिथल्या सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, साखर आणि दाब पाहिला, सगळं ठीक असल्याचं सांगून उरलेलं माजून टाकायला लावलं. केवढं हलकं वाटलं मला! माझ्या शिक्षणाचा घरात झालेला तो पहिला उपयोग.

पुढच्या शुक्रवारी भाई घरी आला. निकालाचा कागद सगळ्यांनी पाहिला. चाचांनी तर दोनदा वाचला. तरी माझ्या मनातली जुनी गाठ तशीच होती, कारण कागद फक्त एका दिवसाच्या नमुन्याविषयी बोलत होता. संध्याकाळी समुद्राकाठी चालताना मी अडखळत अखेर विचारलंच.

"भाई, तू कधी काही घेतलं होतंस?"

तो थांबला. रागावला नाही. "नाही," म्हणाला. आणि पुढे, "सगळे आडून बोलतात गं. तपासणीचा अधिकारी निदान नमुन्याची बाटली हातात देऊन सरळ विचारतो. घरातलं कोणी विचारेल, याचीच वाट बघत होतो."

शंका मनात ठेवणं म्हणजे माणसाचा मान राखणं, असं मी इतके दिवस समजत होते. पण न विचारलेल्या शंकेला उत्तर द्यायची संधी तरी त्याला कशी मिळणार होती? त्या 'नाही'ला ना शिक्का होता, ना सही. मी तो तसाच घेतला, आणि आम्ही पुढे चालू लागलो.