पाहुण्यांसाठी उजेड

माझा मामा केस कापतो. गावातलं एकही डोकं असं नाही, जे त्याच्या हाताखालून गेलेलं नाही. कात्री-वस्तऱ्याला वीज लागत नाही, त्यामुळे गावात वीज असली काय नि नसली काय, त्याच्या धंद्याचं काही अडत नव्हतं. अडलं ते मामीपायी.

मामीची फुप्फुसं दुबळी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू हवं. आमच्या गावात खांब आहेत, तारा आहेत, बिलं तर अगदी वेळेवर येतात. वीज मात्र तिची लहर लागली की येते, आणि जरा वारा सुटला की दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. म्हणून मामीला शहरात लेकीकडे ठेवलं. लेक चांगली, जावईही चांगला, उगाच खोटं कशाला बोलू? पण चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप बघत बसलेल्या बाईला चांगुलपणा कुठवर पुरणार? मामा दुकानाच्या सुट्टीला तिच्याकडे जायचा, तिच्या केसांची टोकं स्वतः कापून द्यायचा. तीही दर वेळी तेच विचारायची, घरी कधी नेता?

माझं बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे सरकारी अर्ज भरून देणं हाही माझा धंदा. ती योजना मलाच पहिल्यांदा दिसली. ज्या गावांत भरवशाची वीज नाही, त्यांनी मिळून स्वतःचं छोटं वीजघर उभारायचं, बहुतेक खर्च सरकार देणार. आमच्या गावाच्या वर ओढा आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. मामाला सांगितलं तर तो हातातला कंगवा तसाच धरून उभा राहिला. मग म्हणाला, कागद काय काय लागतात ते लिहून दे.

कागद! सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्याला बहुधा फार बरी कचेरी भेटली असावी. आम्हाला तीन वर्षं लागली. आधी प्रत्येक घराची संमती आणा. ती मामानं दुकानातल्या खुर्चीतच मिळवली. अर्धी दाढी झालेली, गळ्याशी वस्तरा, अशा वेळी नाही कोण म्हणतो? मग समिती करा, समितीचं खातं काढा, ओढ्याच्या पाण्याचा दाखला आणा, इंजिनिअरचा आराखडा आणा. एका टेबलाला गोल शिक्का हवा, दुसऱ्याला तोच शिक्का चौकोनी हवा. मधेच योजनेचं नाव बदललं, की सगळे अर्ज नव्यानं भरा. खेटे घालून मामाच्या चपलांचे तळ झिजले. मी चिडायची, तिथल्या कारकुनाशी भांडायची. मामा मला बाहेर बाकावर बसवून पुन्हा आत जायचा. 'अगं, तुला भांडून घरी जायचंय, मला इथून सही न्यायचीय' असं काही तो बोलायचा नाही, पण चेहऱ्यावर तेच असायचं.

शेवटी अर्ज मंजुरीच्या यादीत आला. राहिली फक्त पाहणी. साहेब स्वतः येऊन गावाची गरज बघणार, फोटो काढणार आणि तिथल्या तिथे वर पाठवणार. मामानं लेकीला फोन करून सांगितलं, वर्षाच्या आत आईला घरी आणतो. समितीच्या लोकांनाही त्यानं बजावलं होतं, गाव आहे तसं असू द्या.

समितीत एक किराणा दुकानदार होता. कुठेही पहिल्या रांगेत उभं राहायची हौस, म्हणून त्याला सगळे पुढारी म्हणतात. मनानं वाईट नाही हो, वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी मनमोकळ्या देता आल्या असत्या. त्याचा हिशोब दुकानदाराचा. उधार कोणाला देतात? ज्याचं घर भरलेलं दिसतं त्याला. फाटक्या माणसाला तो स्वतः कधी उधार देत नाही. मग सरकार तरी फाटक्या गावाला का देईल? हे त्यानं घरोघर पटवलं, आणि गावालाही ते पटलं, कारण गावातलं प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्या दुकानात उधार मागायला उभं राहिलेलं होतं.

पाहणीच्या दिवशी मामा आणि मी साहेबांना आणायला कचेरीत गेलो. पूल दुरुस्तीला काढला होता, वळसा घालून जावं लागायचं, रस्ता दाखवायला कोणीतरी हवं होतं. साहेबांच्या मीटिंगा संपेपर्यंत दुपार कलली. जीपमध्ये मामा पुढे बसला होता, आणि चक्क खूश होता. अंधार पडायला येतोय, बरंच आहे, साहेबांना डोळ्यांनीच दिसेल, असं मला हळूच म्हणाला.

घाट उतरून वळण घेतलं आणि गाव दिसलं. लखलखत होतं. घराघरावर माळा, गल्लीत ट्यूबलाइट, शाळेच्या दारात रंगीत दिव्यांची कमान. लग्नाला रोषणाई करणारा माणूस अख्खा सरंजाम घेऊन आला होता. जनरेटर भाड्यानं आणला होता आणि पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून पार टेकडीमागे ठेवला होता. साहेबांना शाळेत बसवलं, डोक्यावर पंखा गरगरत होता, हातात फ्रिजमधलं गारेगार सरबत दिलं. साहेब म्हणाले, छान आहे हो तुमचं गाव.

मामा उठला. हात जोडून म्हणाला, "साहेब, हे सगळं जनरेटरवर आहे. आजच्यापुरतं आणलंय. एरवी आमच्याकडे काळोख असतो."

पाहुण्यांसमोर घरचं ताट मोजून दाखवावं तसं झालं लोकांना. पुढारी लाजेनं लाल झाला आणि हसत हसत पुढे आला. "काहीतरीच बोलतात हे. साहेब, आमच्या गावाला आजवर कशाची कमी पडली नाही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी खुर्चीत बसून संमती दिली होती, त्याच लोकांनी. मी उठून ओरडले, टेकडीमागे चला, जनरेटर दाखवते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते काही दुष्ट नव्हते, दमलेले होते. जे दिसतं त्याचेच फोटो पाठवावे लागतात ताई, म्हणाले, आणि जनरेटर असेल तर तीही सोयच धरतात. फोटो काढले, सरबत संपवलं आणि गेले. करायला गेले थाट आणि लावली वाट! त्या कचेरीला काय, एक अर्ज कमी झाला, सुंठीवाचून खोकला गेला.

पुढारी दुसऱ्या दिवशी दाढी करायला आला. मामानं त्याची दाढी केली. मी असते तर... जाऊ दे. आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात मामाच्या मोबाइलवर निरोप आला: वीजपुरवठा उपलब्ध, गरज सिद्ध होत नाही, सबब अर्ज नामंजूर. पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. मामानं मला दोनदा वाचायला लावलं. पाच वर्षं मामीकडे नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर शहरात गेले. मामीला काय सांगायचं, हे वाटेत काही ठरलं नाही. लेकीनं दार उघडलं, पण ती आमच्याकडे बघेना.

मामी पलंगावर बसली होती. नाकात नळी, पायाशी मशीन, अंगावर ठेवणीतले कपडे. शेजारी भरलेली बॅग. गावातल्या शेजारणीनं तिला त्या रात्रीच फोटो पाठवले होते, बघ, आपलं गाव कसं झगमगतंय. मामीनं लेकीला ताकीद दिली होती, फोनवर एक अक्षर काढायचं नाही, ते न्यायला येतील तेव्हाच बोलू. तीन दिवस ती बॅग भरत होती, थांबून थांबून, दम खात. "अहो, गाडी कितीची आहे?" तिनं विचारलं.

मामा तिच्याजवळ बसला. बॅगेची चेन उघडली आणि एकेक कपडा काढून पुन्हा कपाटात ठेवायला लागला. मामी बघत राहिली. शेवटचा कपडा ठेवून झाला तेव्हा तिनं विचारलं.

"फोटोतला उजेड खरा नव्हता?"

"खरा होता गं," मामा म्हणाला. "एका संध्याकाळपुरता होता."

"मग त्या संध्याकाळी तरी मला न्यायचं होतंत."