गच्चीवरचे कुजलेले कंद
लग्नाच्या हॉलमध्ये गुलछडीच्या माळांचा वास आला की आजही माझा पदर नाकाकडे जातो. सातवीत शाळा सुटलेली मी लातूरकडून येऊन सदाशिव पेठेत एका बाईंकडे स्वयंपाकाला राहिले होते. त्या थंडीत बाई महिनाभर बंगलोरला, कॉम्प्युटर कंपनीतल्या मुलाकडे गेल्या. गच्चीवरच्या कुंडीत त्यांच्या गुलछडीची पात पिवळी पडायला लागली, तशी मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिले. झाड मेलं तर बाई मला घरातून काढतील, हीच धास्ती. आल्या आल्या त्यांनी कुंडी उकरायला लावली. लोण्यात रुतावीत तशी माझी बोटं कंदात रुतली, चिकट घाण नखांत गेली, पांढऱ्या अळ्या मनगटावर वळवळल्या आणि मेलेल्या उंदरासारखा दर्प आला. मी तिथंच ओकले. बाई म्हणाल्या, "अगं, थंडीत कंद झोपतात. झोपलेल्याच्या तोंडात कुणी तांब्या ओततं का?" मी कसंबसं विचारलं, "बाई, मी गावी जाऊ का?" "आणि हे निवडायचं कुणी, मी एकटीनं?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला, स्वतःचा हात त्या घाणीत घातला आणि दोन टणक कंद शोधून माझ्या हातावर ठेवले. तो दर्प नाकातून अजून गेलेला नाही, पण त्याच्यामागोमाग बाईंचा बरबटलेला हात आठवतो, आणि मी माळांपासून लांब सरकत नाही.