निर्मल तळे

छापखान्यात त्याला सगळे ‘लालशाई’ म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. एकतीस वर्षं तो तिथं मुद्रितं तपासत होता आणि एकतीस वर्षं चिडत होता. ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्यांवर, स्वल्पविराम खाणाऱ्यांवर, ‘चालतंय हो’ म्हणणाऱ्यांवर तर फारच. त्याच्या लाल पेनातून काही निसटत नसे, हे खरं. पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, हेही तितकंच खरं.

तर असा हा गृहस्थ भर उन्हाळ्यात, सकाळी अकरा वाजता, एका कोरड्या खड्ड्याच्या काठावर उभा होता आणि त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

खड्डा म्हणजे तळं. सहलीच्या पत्रकात त्याचं छान वर्णन होतं: ‘उन्हाळ्यात तळे निर्मल असते, तेव्हा तळाचा जुना पूल दिसतो.’ पूल दिसत होता. म्हणजे दगडाचे तीन खांब आणि त्यांवर बसलेला एक कावळा. बाकी सगळा भेगाळलेला चिखल, आणि त्यात कुशीवर पडलेली एक होडी. बसमधून उतरलेली तीस माणसं एकमेकांची तोंडं बघत होती.

तिकीटघराच्या पत्र्याखाली बाकावर ताई बसली होती, त्याची थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली त्याला आठ वर्षं झाली, आणि तेव्हापासून ताई एक दिवसही घराबाहेर राहिली नव्हती. तो दर रविवारी जाई, आईच्या उशाशी अर्धा तास बसे, औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं नीट नाहीत म्हणून चिडे आणि परत येई. आज शेजारीण आईजवळ थांबली होती. ताईनं एवढंच मागितलं होतं, की पाण्यात पाय सोडून तासभर बसायचं. त्यासाठी पिशवीत टॉवेल घेतला होता. तो तसाच घडी केलेला मांडीवर होता.

“उन्हाळ्यात पाणी असतं का रे तिथं?” तिनं निघायच्या आधी विचारलं होतं.

“छापलेलं आहे, ताई. मी स्वतः वाचलंय,” तो खेकसला होता.

आता तो तरातरा सहलवाल्याकडे गेला. हा एक किडकिडीत, घामेजलेला माणूस बसच्या दारात यादी घेऊन उभा होता.

“हे निर्मल तळं का? लाज नाही वाटत? त्या बाकावर माझी बहीण बसलीय. आठ वर्षांनी बाहेर पडलीय ती. चला, तिची माफी मागा. आत्ता.”

“अहो साहेब, उन्हाळ्यात इथं पाणी नसतंच. म्हणून तर पूल दिसतो. मी तसंच लिहून दिलं होतं.”

“लिहून दिलं होतं! चोराच्या उलट्या बोंबा! छापून आलेलं खोटं का?”

माणसं गोळा झाली. सहलवाल्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एक घडी पडलेला कागद काढला आणि उलगडून पुढे धरला. छापखान्यातून आलेलं मुद्रित होतं ते. ‘उन्हाळ्यात तळे निर्जल असते.’ त्यातल्या ‘ज’वर लाल काट होती, आणि समासात तितक्याच लाल शाईत, गोलात ठसठशीत ‘म’.

“मला वाटलं, जाणकार माणसानं केलंय म्हणजे बरोबरच असणार,” सहलवाला म्हणाला.

तो ‘म’ त्याच्या ओळखीचा होता. मुद्रित तपासताना तो स्वतःशी हसलाही होता, तेही आता आठवलं. निर्जल तळं! लोकांना साधं लिहिता येत नाही. फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. पण विचारतो तो लालशाई कसला?

त्यानं कागद हातात घेतला. गर्दीकडे न बघता तो बाकापाशी आला आणि ताईपुढे धरला. चष्मा वर सरकवत तिनं वाचलं.

“माझं चुकलं,” तो म्हणाला.

ताई हसेल, ‘असू दे रे’ म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. जन्मभर ती तेच म्हणत आली होती. पण ताईचा चेहरा लाल झाला होता.

“तू हेच करतोस,” ती म्हणाली. “समोरचा काय म्हणतोय ते वाचत नाहीस. त्यानं काय म्हणायला हवं ते वाचतोस. आई पडली तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं?”

तिनं कागदावरच्या लाल ‘म’वर बोट ठेवलं.

“एकटीला जमणार नाही, असं म्हटलं होतं. तू बाहेर सगळ्यांना सांगितलंस, ताई सगळं करते, तिला जमतं. आठ वर्षं, रे. आठ वर्षं मी तुझं छापलेलं जगतेय.”

सहलवाला दूर सरकला. ताईनं टॉवेल पिशवीत कोंबला, कागद त्याच्या हातात परत दिला आणि उठली.

“परवा सोमवार. सोमवारपासून आई तुझ्याकडे, सहा महिने,” ती म्हणाली. “सहा. आणि यातलं एक अक्षर बदलू नकोस.”

मग ती बसमध्ये चढली आणि त्याची खिडकीजवळची जागा तिनं घेतली.