स्नेहसंमेलनातली पालखी

“तुला तालमीची गरज नाही. चिरे वाहून खांदा तयारच आहे तुझा.”

इतिहासाचे सर भर वर्गात म्हणाले आणि फळ्यावर माझ्या नावापुढं लिहिलं, भोई.

एस.वाय.बी.ए.चा वर्ग. स्नेहसंमेलनात इतिहास विभागाचा देखावा होता, सरदाराची स्वारी. पालखी खरी, एका आंबा बागायतदाराच्या घरातली. म्हणून त्यांचा मुलगा सुहास सरदार. वकिलाचा मुलगा कारभारी. डॉक्टरांची मुलगी राणीसाहेब. पालखीखाली चौघं. मिरकरवाडा बंदरातले खलाशांचे दोन मुलगे, संगमेश्वराकडच्या खेड्यातला गणू, आणि मी. सरांनी कोणाचा आवाज ऐकला नाही, कोणाला विचारलं नाही. एकेकाकडं नुसतं बघितलं.

मी म्हटलं, “हो सर.”

नाही म्हणायची ताकद नव्हती. मी सोलापूरकडचा. सातवीत शाळा सुटली आणि चुलत्याबरोबर इकडं कोकणात चिरेखाणीवर आलो. जांभ्या दगडाचा चिरा काढायचा, ट्रकमध्ये भरायचा. तांबडी धूळ नखांतून निघायची नाही. खाणीवर राहूनच दहावी-बारावी बाहेरून दिली. वय जास्त म्हणून कॉलेज घेईना, तेव्हा हेच सर प्राचार्यांशी बोलले. त्यांच्याच आवारातल्या खोलीत मी राहत होतो. काकू, सरांच्या पत्नी, रोज ताट वाढायच्या. “पोटभर जेव हो, लाजू नकोस.” त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर भीती. सरांच्या कपाळाला आठी पडली की मनात यायचं, खोली गेली तर? कॉलेज गेलं तर?

आणि मला इतिहास पाहिजे होता. टी.वाय.ला पूर्ण इतिहास. जे आहे ते पहिल्यापासून असंच नव्हतं, कुणीतरी केलं म्हणून झालं, हे मला त्या वर्गात पहिल्यांदा कळलं. अंगावर काटा आला होता. पण विषय कोणाला द्यायचा ते सरांच्या हातात.

इतिहास घेऊन पुढं काय होता येतं, हे सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं. सुहासला म्हणाले, “तू स्पर्धा परीक्षा दे. मामलेदार होशील.” डॉक्टरांच्या मुलीला प्राध्यापकी. वकिलाच्या मुलाला पुराणवस्तू खातं. मी हात वर केला. “सर, मी?”

“तुला वस्तुसंग्रहालयात शिपाई म्हणून चिकटवू. इतिहासाच्या जवळच राहशील की!”

वर्ग हसला. मीही हसलो.

तालमीत एकदा मी दबकत बोललो, “सर, भोई आलटून पालटून केले तर?”

“का रे? शिमग्यात पालखीला खांदा द्यायला इथं मारामाऱ्या होतात.”

“ती देवाची असते, सर.”

सरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं. मी दांडा परत खांद्यावर घेतला.

संमेलनाचा दिवस. मैदान भरलेलं. पाहुणे म्हणून बागायतदार पुढच्या खुर्चीत. आम्ही उघडे, डोक्याला मुंडासं, कमरेला पंचा. सुहास आत लोडाला टेकून. उचलताना दांडा जरा हलला.

“हळू रे घाट्या! मी काय चिरा आहे?”

पहिल्या रांगा खो खो हसल्या. फोटोवाला पुढं आला. तेवढ्यात सर धावत आले आणि माझी हनुवटी बोटानं खाली दाबली.

“मान खाली घे. भोई असा समोर बघत नसतो.”

ते बोट. त्याच हातानं त्यांनी माझ्या प्रवेशाच्या कागदावर सही केली होती. आणि मला एकदम दिसलं. हा देखावा नव्हताच. सुहास घरी जाऊन अंगरखा उतरवणार होता. मी काय उतरवणार होतो?

“ठेवा,” मी म्हटलं.

गणू कुजबुजला, “आरं, काय करतंस? सर बगतायत.”

“बघू दे. खाली ठेवा.”

चौघांनी पालखी टेकवली. सावकाश. आपटली नाही, आत माणूस होता. मी मुंडासं सोडलं, कडेला काढून ठेवलेला सदरा घातला आणि मैदानातून चालत बाहेर आलो. मागं शिट्ट्या चालल्या होत्या.

संध्याकाळी सर खोलीच्या दारात उभे.

“उपकार विसरलास.”

“विसरलो नाही सर. म्हणून तर इतके दिवस उचलली.”

“उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर टी.वाय.ला इतिहास विसर. आणि ही खोलीपण.”

काकू मागं उभ्या होत्या, पदर तोंडाला. मी वळकटी बांधली. काकूंच्या पाया पडलो. सरांना म्हटलं, “माफी मागणार नाही. इतिहास घेणार.”

“कसा घेतोस तेच बघतो.”

“बघा.”

खाणीच्या रस्त्याला लागलो. भीती होतीच, भूकही होती. पण डोकं लख्ख झालं होतं. इथं विषय नाही दिला तर दुसरं कॉलेज. तिथं नाही तर बाहेरून. दिवसा चिरे काढीन आणि बी.ए. होईन, इतिहासातच होईन. मग मास्तर होईन. शिपाई नाही, मास्तर. आणि माझ्या वर्गात पोरांच्या बापाचा धंदा बघून त्यांना काम वाटून देणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, मी दार दाखवीन.