बाई आणि अर्धी वाक्यं

“ज्याचं वाक्य, त्यानंच पुरं करावं. दुसऱ्यानं केलं की ते उष्टं होतं,” इंग्रजीच्या बाई नेहमी म्हणायच्या.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्या आम्हा मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवत. दिवसभराची कामं उरकून आम्ही संध्याकाळी जमायचो. एकदा मी लिहिलं, ‘बिकॉज द बस वॉज लेट.’ पुढे ठसठशीत पूर्णविराम. बाईंनी आधीची ओळ तळहातानं झाकली.

“आता वाच. एकटं उभं राहतंय का?”

“नव्या वासरासारखं पडतंय, बाई.”

“मग बस उशिरा आली म्हणून झालं काय, ते सांग. नाहीतर मागच्या वाक्याचा हात धरू दे त्याला.”

माझ्या शेजारी बसलेली नर्स उत्तर सांगायला गेली, तशी बाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

आतल्या खाटेवर बाईंचे यजमान असत. उभा जन्म त्यांनी बस चालवली. मग अर्धांगाचा झटका आला आणि जीभ जड झाली. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की म्हणायचे, “गाडीत… तुला…” पुढचं घशातच राही. डोळे भरून येत. त्यांना काय म्हणायचंय, या एका गोष्टीवर ते घर अडून राहिलं होतं.

दीर घाईचे. “वहिनी, दादाला अजून स्टिअरिंगच दिसतंय! फिरवून आणतो म्हणतोय तुम्हाला.”

“भाऊजी, तुमचं वाक्य आहे का ते?”

बाई खडू ठेवून खाटेशी जाऊन बसायच्या. आम्ही वह्या मिटून थांबायचो. एखादा शब्द सुचवला असता, तर यजमानांनी मान डोलावलीही असती. पण बाईंना होकार नको होता, त्यांचा शब्द हवा होता. त्यासाठी त्या आतून झुरत होत्या.

एका संध्याकाळी हॉर्न वाजला.

“गाडीत… तुला…”

बाई वाट बघत राहिल्या. खालचं शिवणयंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.

“शेजारी… घेऊन… बसलो… नाही कधी.”

बाईंनी यजमानांचे केस विंचरले, पायांत चपला सरकवल्या.

“अहो वहिनी, जिना उतरेल का तो?”

“उतरतील. तुम्ही मागून धरा.”

खाली आल्यावर बाईंनी त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघं थांब्याकडे निघाले. एक पाऊल, मग विसावा. आम्ही खिडकीत दाटी करून बघत होतो. दीर पायरीवर उभे होते, दादाची काठी त्यांच्याच हातात राहिली होती.